वुब्बोने नाव सांगितलं नाही

२ फेब्रुवारी २०१२

वुब्बो बाळा,

आधी पाकीट नीट बघ. त्याला काळी कड नाही. म्हणजे कुणी गेलेलं नाही, मीही नाही. नाहीतर एकोणीस वर्षांनी गावाकडून पत्र आलेलं बघून तुझ्या छातीत धस्स व्हायचं.

अक्षराला हसू नकोस. चौथीत असताना मला शाळेतून काढून कोळंबी सोलायला बसवलं, त्यानंतर मी लिहिलं ते फक्त वाढदिवसाच्या कार्डांवर आणि किराणाच्या यादीत. पेन्सिलीने लिहितेय, चुकलं तर खोडता येतं. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे तुझ्या प्रकाशकांकडे धाडतेय. ते अँटवर्पला पाठवतील ना?

अरे, तुला बक्षीस मिळालं! रेडिओवर सांगितलं. मी बटाटे सोलत होते. तुझं नाव ऐकलं आणि अशी ओरडले की शेजारची फ्राउके स्लिपर घालूनच धावत आली.

"पडलीस का गं?"

"पडले नाही, माझ्या नातवाला बक्षीस मिळालं."

"तो भुतांचा?"

"तोच."

"माणसांना घाबरवून पोट भरतो बाई तुझा नातू."

"आणि तुझा दातांचा डॉक्टर आहे," मी म्हटलं. "लोक दोघांनाही घाबरतात. माझा निदान सुई टोचत नाही."

ती इतकी हसली की मी तिला दुसरं बिस्किट दिलं. आपल्याकडे कॉफीबरोबर एक देऊन डबा बंद करतात, तुला माहितीये. त्या दिवशी डबा उघडाच ठेवला.

तुला वाटत असेल, आजीला काय ठाऊक. सगळं ठाऊक आहे. शिवणाच्या टोपलीत लोकरीखाली तुझी कात्रणं आहेत. शाळेच्या मासिकातली ती नखाखाली जिवंत राहिलेल्या कोळंबीची गोष्ट सुद्धा आहे, जिच्यामुळे तुझ्या बाईंनी मासे खाणं सोडलं. मग तू मासळीच्या लिलावघरात कारकून झालास, दुपारच्या सुट्टीत लिहायचास आणि तुझ्या हस्तलिखितांना बांगड्याचा वास यायचा. एका प्रकाशकाने तसं कळवलं होतं, आठवतं? सहा जणांनी परत पाठवलं, सातव्याने छापलं. मग 'गाळातली माणसं' आलं, मग 'मिठाची पोरं' जर्मनीत गेलं, मग सिनेमा निघाला. तो फ्राउकेने डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून पाहिला.

आता माझे डोळे गेलेत, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून वाचनालयवाले बोलकी पुस्तकं पाठवतात. एक गोड आवाजाची बाई वाचते. तुझं सगळ्यात भयंकर ती असं वाचते, जणू केकची कृती सांगतेय. मी सगळी ऐकली. फक्त पहिलं राहिलंय. लावीन कधीतरी.

तुझी आई, माझी रेन्स्के, बरी आहे. रोज सकाळी दहाला कॉफीला येते, माझ्या पायात मोजे चढवून जाते. तुझं नाव आमच्यात निघत नाही. टोपली मी ती गेल्यावर काढते.

तुझी
आफ्के आजी


२० फेब्रुवारी

वुब्बो,

तुझी मुलाखत ऐकली. पूर्ण तास. पहिली पंधरा मिनिटं मी नुसती हसत होते. त्या शहाण्याने विचारलं, "खरं साहित्य कधी लिहिणार?" आणि तू म्हणालास, "मेल्यावर. तेव्हा वेळही असेल आणि अनुभवही." शाब्बास रे!

मग त्याने विचारलं, तुमच्यावर संस्कार कुणाचे? तू दोन इंग्रज आणि एक अमेरिकन सांगितलास, तिघेही मेलेले. मग आपल्या जुन्या पाद्रीबुवांचं नाव घेतलंस, ते रविवारी नरकाचं असं वर्णन करायचे की जणू सुट्टीत तिथे जाऊन आलेत. मग वाचनालयाच्या बसमधली बाई. ती म्हणे तुला मोठ्यांची भुताची पुस्तकं बागकामाच्या पुस्तकात लपवून द्यायची! अरे लबाडा! म्हणून तू नऊ वर्षांचा असताना इतकी बागकामाची पुस्तकं आणायचास. आणि मी भोळी, तुला मागे एक वाफा खणून दिला. त्यात कधी मुळासुद्धा आला नाही.

मी हसतच होते. तेवढ्यात तू म्हणालास, "आणि एक बाई. ती घरी कोळंबी सोलायची. माझ्याकडे जे काही आहे ते तिच्या टेबलावरून उचललेलं आहे."

त्याने विचारलं, "नाव?"

"नाव सांगणार नाही. तिला शब्द दिलाय."

मी रेडिओ बंद केला. पुढचं काय बोललास मला माहीत नाही.

बाळा, मला तो शब्द आठवतो. तू विसरला असशील अशी आशा धरून होते. माणूस म्हातारं झालं की दुसऱ्यांनी विसरावं असं त्याला फार वाटतं.

सकाळी गाडी कोळंबीची पोती टाकून जायची, संध्याकाळी सोललेली न्यायला यायची. तेवढ्यात सगळी संपली पाहिजे. घरातली सगळी पोरं टेबलाला. पोरं पळू नयेत म्हणून गोष्टी सांगायच्या आणि गोष्ट भीतीचीच पाहिजे, परीची सांगितली की पेंगायला लागतात. बाकीची पोरं किंचाळायची. तू नाही. तू मान खाली घालून सोलत राहायचास आणि मध्येच विचारायचास, "आजी, बुडालेली माणसं जेवतात काय?" मी म्हणायचे, "भूक." आणि तू मान डोलवायचास, जणू हिशेब जुळला.

तू आठ वर्षांचा असताना एका दुपारी आपण दोघंच होतो. बाकीच्यांना गोवर आला होता. त्या दुपारी मी तुला सीर्तमामाची गोष्ट सांगितली. का सांगितली? माहीत नाही. अकरा वर्षं पोटात ठेवली होती. समोर एक पोर बसलेलं, जे किंचाळत नाही. सांगून झाल्यावर तुझा ओला हात धरून म्हटलं, "मी सांगितलं असं कुणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच." तू म्हणालास, "नाही सांगणार."

तू नाही सांगितलंस. ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशीसुद्धा नाही.

काल तुझं पहिलं पुस्तक लावलं. रेन्स्के यायच्या वेळी बंद करते, ती गेली की पुन्हा लावते. ती बाई तिसऱ्या प्रकरणात आहे आणि दारावर पहिली थाप पडली आहे.

आजी


११ मार्च

वुब्बो,

तुझं कार्ड मिळालं. बोटीचं चित्र छान आहे. पोस्टमनने वाचून दाखवलं. मला वाचता आलं असतं, पण वाट बघवेना.

"आजी, जाऊ दे. मला सवय झाली आहे. तुला त्यांच्यात राहायचंय. – वु."

एवढंच. आणि मागे पत्ता. तू मला मोकळं करायला लिहिलंस, मला कळलं. तीन वाक्यांत तू मला पुन्हा पाठीशी घातलंस. पण मी आता पुस्तक पूर्ण ऐकलंय आणि मला मोकळं व्हायचं नाही.

तुझ्या पुस्तकात त्या आईला ठाऊक असतं की बाहेर कोण आहे, तरी ती उघडत नाही. दर ओहोटीला तिचा बुडालेला पोरगा येतो, थापा मारतो, गाव घाबरतं. शेवटी ती उघडते आणि त्याच्यामागून अख्खा समुद्र घरात शिरतो, खुर्च्या तरंगतात आणि ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्याला विचारते, "पाय ओले झाले का रे?" लोक म्हणे इथे पुस्तक बंद करतात. मी तेवढंच चारदा ऐकलं.

पण खरं तसं नव्हतं. तुला जे सांगितलं होतं त्यातही एक गोष्ट मी गाळली होती. ती आज लिहिते.

आपल्या गावात पुढचं दार नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. बाकी सगळं मागून. मागच्या दाराला कुणी थाप मारत नाही, हाक मारत आत येतात. पुढच्या दारावर थाप पडली तर ते जिवंत माणूस नव्हे, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलेले.

सीर्त अठरा वर्षांचा होता. त्याचं त्या कॅथलिक मुलीवर मन बसलं होतं आणि रविवारी आपलं प्रोटेस्टंट चर्च सोडून तो तिच्या चर्चमध्ये गेला हे तुझ्या आजोबांना कळलं. मोठं भांडण झालं. सीर्त निघून गेला, दोन रात्री बोटीवर झोपला. तिसऱ्या दिवशी नोव्हेंबरातली दुपार होती, वारा चढत होता, मी टेबलाशी सोलत बसले होते. तुझे आजोबा डेर्क आतल्या खोलीत बायबल घेऊन बसले होते. तुझी आई शिवणवर्गाला गेली होती.

पुढच्या दारावर तीन थापा पडल्या.

मी म्हटलं, "डेर्क, पुढच्या दारावर कोण आहे?"

ते पानावरून नजर न उचलता म्हणाले, "आपल्याकडे पुढच्या दारावर कुणी येत नाही."

मग थोडं थांबून आणखी एक थाप. हलकी. मी उठले नाही. मला वाटलं मरण आलंय आणि मी गप्प बसले तर ते दुसऱ्या घरी जाईल. असं वाटलं मला, वुब्बो. एकवीस वर्षांची नव्हते, एक्केचाळीस वर्षांची बाई होते मी.

एवढं तुला सांगितलं होतं. आता गाळलेलं. दोनेक तासांनी मी टरफलं टाकायला मागे गेले. मागच्या दाराला आतून कडी होती. ती कडी आम्ही कधी लावत नसू, गंजून गेलेली. त्या दिवशी ती लावलेली होती आणि तिला ताजं तेल होतं.

मला तिथेच सगळं कळलं. तो आधी मागून आला, दार उघडलं नाही. मग फिरून पुढे गेला. माझं पोर. मी बंदरावर धावले तेव्हा बोट सुटलेली होती, एकटाच गेला होता. बोट मिळाली. तो मिळाला नाही, म्हणून पुढचं दार त्याच्यासाठी कधी उघडलं नाही.

डेर्कना मी विचारलं नाही. बावीस वर्षं एका टेबलावर जेवलो, विचारलं नाही. ते गेले तेव्हा त्यांची पेटी न्यायला पुढचं दार उघडलं. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी अडकलं असेल, सुतार लागेल. एका हिसक्यात उघडलं.

तुझं पुस्तक आलं तेव्हा सगळ्या गावाने ओळखलं. ती कॅथलिक मुलगी, ती बोट, ते दार. माझा वाढदिवस होता, सगळे खुर्च्या मांडून गोल बसलेले, हातात केकच्या बश्या. तुझी आई उभी राहिली आणि मला म्हणाली, "आई, सांग सगळ्यांसमोर. सीर्त दारात आला होता आणि तू उघडलं नाहीस, असं या पोराने लिहिलंय. खरं आहे?"

आणि मी म्हणाले, "पोराने मनचं लिहिलंय. त्याचं डोकं लहानपणापासून असलंच."

मला अजून तुझा चेहरा दिसतो, कडेने. तू बशी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "हो. मनचंच आहे." तुझी आई म्हणाली, "माझ्या मेलेल्या भावाला विकलंस तू. या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस." तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. माझ्याकडे पाहिलं असतंस तर मला बोलावं लागलं असतं, हे तुला ठाऊक होतं.

चौदा एप्रिलला मी सत्त्याऐंशीची होणार. सगळे येतील. रेन्स्केला मी त्या गोलात सांगणार आहे. तिथेच खोटं बोलले होते.

तू नको म्हणून कार्ड पाठवू नकोस. मी पोस्टमनला सांगितलंय, पंधरा तारखेपर्यंत अँटवर्पचं काही आलं तर खिशात ठेव.

आजी


१५ एप्रिल

वुब्बो,

सांगितलं.

एकोणीस खुर्च्या होत्या. आपल्या रीतीप्रमाणे सगळे एकमेकांशी हात मिळवून माझ्या वाढदिवसाचं एकमेकांचंच अभिनंदन करत होते, आईबद्दल अभिनंदन, शेजारणीबद्दल अभिनंदन, फ्राउकेने तर पोस्टमनचंही केलं. तिचा दातांचा डॉक्टर आला होता, माझ्या कवळीकडे बघत बसला. तुझे बाबा नेहमीसारखे खिडकीशी. मी म्हटलं, "मला बोलायचंय."

रेन्स्के म्हणाली, "आधी केक कापूया, आई."

"केक कुठे पळत नाही."

मग बोलले. बसूनच, कारण कंबर. वुब्बोला ती गोष्ट मी सांगितली, तो आठ वर्षांचा असताना. त्याने मनचं काही लिहिलं नाही. सीर्त आला होता. मागे कडी होती. ती डेर्कनी लावली होती. सगळं. मध्येच फ्राउकेने पाणी दिलं आणि पुटपुटली, "पुरे गं, आफ्के." मी म्हटलं, "पुरे नाही."

रेन्स्केच्या हातात सुरी होती. तिने ती केकशेजारी सरळ ठेवली.

"किती थापा मारल्या त्याने?"

"तीन. मग थांबून एक."

"तू काय करत होतीस?"

"सोलत होते."

"त्यानंतर?"

"त्यानंतरही."

"किती वेळ?"

"टोपली संपेपर्यंत, रेन्स्के."

मग म्हणाली, "एकोणीस वर्षं मी माझ्या पोराला..." आणि तिला पुढचं सापडेना. ती शोधत उभी राहिली, आपण चष्मा शोधतो तशी. तुझ्या बाबांनी तिचा कोट आणला. बाही हाताला सापडत नव्हती, त्यांनी घालून दिली. ती माझ्या खुर्चीजवळून गेली, पण मला ओलांडताना तिने स्कर्ट असा आवरला, जणू मी ओली आहे.

मग फ्राउके म्हणाली, "कॉफी कुणाकुणाला?" सगळ्यांनी हात वर केला. बिचारे.

आज दहाला मी कॉफी ठेवली होती. दोन कप.

आजी


६ मे

वुब्बो बाळा,

तीन आठवडे ती आली नाही. मोजे फ्राउके चढवते. तिचे हात गार आहेत आणि ती पूर्ण वेळ बोलत असते, तिच्या मांजरीच्या किडनीबद्दल, पण बाई चांगली आहे.

आज सकाळी रेन्स्के आली. कोट काढला नाही. कॉफी नको म्हणाली. उभ्याउभ्याच.

"त्याचा पत्ता दे."

मी तुझं कार्ड दिलं. तिने बोटीचं चित्र पाहिलं, उलटलं, तुझं लिहिलेलं वाचलं. "तुला त्यांच्यात राहायचंय" हेही वाचलं असणार. ते तिने बोटाने पुसल्यासारखं केलं.

"गुरुवारी जाते मी त्याच्याकडे. तो घरात घेईल का, माहीत नाही."

"घेईल," मी म्हटलं.

"तुला काय ठाऊक?" असं तडकून म्हणाली, लहानपणी म्हणायची तशी. मग शांतपणे म्हणाली, "आई, मी इथे आता येणार नाही. फ्राउकेशी बोलले आहे, ती तुझं बघेल. तुला काही झालं तर ती कळवेल. मला तुझं तोंड बघवत नाही."

मी म्हटलं, "बरं."

ती वळली, मागच्या दाराने गेली. मी खिडकीशी जाऊन तिला बांधापर्यंत पाहिलं, कडेने दिसतं तेवढं. तिचा चालताना डावा पाय थोडा ओढतो आता. मला ठाऊकच नव्हतं. रोज समोर बसायची ना, चालताना कधी दिसली नाही.

बाळा, मी खूश आहे. खरंच सांगते, फ्राउकेलाही तेच सांगितलं, ती म्हणाली मग रडतेस कशाला. माझी लेक माझ्या नातवाला भेटायला चालली आहे.

आता ऐक. ती रॉटरडॅमच्या खाली कधी गेलेली नाही, गाडीत तिला मळमळतं, तेव्हा उतरल्या उतरल्या काही विचारू नकोस. भूक नाही म्हणेल. तू गरम सूप समोर ठेव, खाईल. चीज देऊ नकोस, पित्त होतं. तुझी पुस्तकं शेल्फवर असतील तर लपवू नकोस. ती एक हातात घेईल, उघडणार नाही, नुसतं वजन बघेल, तर बघू दे.

आणि ती माझ्याबद्दल बोलेल. खूप बोलेल, वाईट बोलेल, आणि त्यातलं एकही खोटं नसेल. तू मध्ये पडू नकोस. आजी म्हातारी आहे, आजी घाबरली होती, असलं काही म्हणू नकोस. एकोणीस वर्षं तू माझी बाजू घेतलीस. आता तिची घे.

आफ्के आजी